पाच हजारांतले आठशे सत्तर

"वही काढ, मोबाईल नको," दादा म्हणाला. माझा हा मावसभाऊ सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत वीस वर्षं वसुलीच्या टेबलावर बसतो. कर्ज बुडवणारे आणि कर्जात बुडणारे, दोघांनाही त्याने जवळून पाहिलंय. लग्नासाठी पुण्याला आला होता. बायकोने माझ्या तीन क्रेडिट कार्डांची स्टेटमेंटं त्याच्यापुढे ठेवली. तिला मी दीड लाखाचा आकडा सांगितला होता. वहीत बेरीज आली २,८४,०००. ती काही बोलली नाही, चहा टाकायला उठली.

माझा बचाव एकच होता, की दोन वर्षांत एकही तारीख चुकवली नव्हती. दर महिन्याला 'किमान देय रक्कम' न चुकता भरत होतो. दादाने वहीत एक लाखाचा हिशेब मांडला. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ३,५०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. झाले ४,१३०. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ५,०००. "तू पाच हजार भरलेस, मुद्दल उतरलं आठशे सत्तर," असं म्हणून त्याने ८७० भोवती गोल काढला. वर पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदतही जाते. मग आज घेतलेल्या किराण्यावरही आजपासूनच व्याज चालू. मी नियमित होतो ते बँकेच्या सोयीसाठी.

पहिलं काम कार्ड थांबवण्याचं. कात्रीने कापणं सोपं. त्याचा नंबर मात्र जेवण मागवायच्या ॲपात, मोबाईलच्या बिलात, मुलीच्या गाण्यांच्या वर्गणीत जाऊन बसलेला असतो. तो एकेका ठिकाणाहून काढण्यात अख्खा रविवार गेला.

मग प्रत्येक कार्डापुढे शिल्लक आणि महिन्याचा दर लिहिला. सगळ्यात महाग कार्ड १,२४,००० चं, दर पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४५. बायको म्हणाली, "पाटल्या कपाटात पडून आहेत, त्यांना कामाला लावू." सोनेतारण कर्ज वर्षाला साडेनऊ टक्क्यांनी मिळालं. तारण कर्ज वर्षभरात जेवढं व्याज खातं, तेवढं ते कार्ड अडीच महिन्यांत खात होतं. त्या पैशांतून ते कार्ड त्याच दिवशी पूर्ण फेडलं. दुसऱ्या कार्डाचे १,१२,००० बँकेला फोन करून हप्त्यांत बदलून घेतले: १५ टक्के, २४ महिने, हप्ता साधारण ५,४३०, शिवाय व्याजावरचा जीएसटी. तिसऱ्यावरचे ४८,००० पगारातून कुरतडत राहिलो.

मधल्या काळात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे चार महिने थकले. त्याला फोन येऊ लागले, "निम्मे भरा, विषय संपवा." त्याने दादाचं मत विचारायला सांगितलं. दादाने दोन गोष्टी सांगितल्या. खरोखर ऐपतच नसेल तर तडजोड करावी, पण आधी बँकेचं पत्र हातात, मग पैसे. आणि अशा खात्यावर सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो. पुढे घरासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो. पूर्ण फेडलेल्या खात्यावर 'क्लोज्ड' येतं. शिवाय वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वेळेबाहेरच्या फोनांची यादी ठेव, तक्रार करताना लागते, असंही तो म्हणाला.

नादारीच्या अर्जाचा विषयही त्याच सहकाऱ्याने काढला होता. मुंबई शहराला त्यासाठी १९०९ चा कायदा लागू, उरलेल्या राज्याला १९२० चा. २०१६ च्या नव्या कायद्यातला सामान्य माणसासाठीचा भाग अजून अमलात आलेला नाही. व्याजदरावर कुणी लगाम घालेल ही आशाही फोल. ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा वही बरी.

चौदाव्या महिन्यात बोनस आला आणि तिसऱ्या कार्डाचे उरलेले २१,००० एकरकमी भरले. घरी पेढे आणले. पुढच्या महिन्यात त्याच कार्डाचं स्टेटमेंट आलं, ४९९ रुपयांचं. मी चिडून दादाला फोन लावला. तो हसला. "स्टेटमेंट पाच तारखेचं, तू भरलेस तेवीसला. मधल्या अठरा दिवसांचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी. शेपूट राहिलं होतं." हे शेपूट न भरताच कार्ड संपलं असं समजणारे पुष्कळ. मग त्यावर दंड, आणि वर्षाने सिबिलमध्ये थकबाकीदार.

शेपूट भरलं आणि कार्ड बंद करण्याचा अर्ज लेखी दिला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे, काही बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं. नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला ५०० रुपये द्यायचे. फोनवरच्या मुलीने वार्षिक फी माफ करते, मर्यादा वाढवून देते, असं दोनदा सांगितलं. मी नियम सांगितला. पाचव्या दिवशी बंद झाल्याची ईमेल आली. बाकी नसल्याचा दाखला मागून घेतला आणि छापून वहीत चिकटवला.

सोनेतारण एकदा वर्षाचं व्याज भरून नवं-जुनं करावं लागलं. सव्विसाव्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला, त्याच आठवड्यात पाटल्या सुटल्या. या सव्वीस महिन्यांत आम्ही कुठे फिरायला गेलो नाही आणि जुना फ्रिज दोनदा दुरुस्त केला.

स्टेटमेंटवर 'किमान देय' आणि 'एकूण देय' शेजारी-शेजारी छापलेले असतात. तुमच्या घरी कुणी पहिलाच आकडा वाचून पैसे भरत असेल, तर आज वही काढा आणि हिशेब घरातल्या माणसाला दाखवा. मी दोन वर्षं आधी दाखवायला हवा होता.