कोपऱ्यातला आलेख नेमकं काय सांगतो?

पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी माझ्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात एक चिमुकली खिडकी कायम उघडी असायची. प्रयोगशाळेतल्या सामाईक लिनक्स मशीनवर किती लोड आहे, याचा आलेख तिच्यात सरकत असे. मशीन 16 कोअरचं. त्यातले 8 कोअर माझ्या सिम्युलेशनकडे, 4 शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या कामाकडे. त्यामुळे लोड साधारण 12.

एका शुक्रवारी संध्याकाळी आलेख चढू लागला आणि अर्ध्या तासात 40 वर पोहोचला. माझं चार दिवसांचं काम आता बुडणार, या भीतीने मी सहकाऱ्याला जरा खरमरीतच मेसेज पाठवला. त्या बिचाऱ्याने मुकाट्याने आपलं काम बंद केलं. दोन दिवसांची आकडेमोड वाया गेली. आलेख मात्र 36 पर्यंत उतरला आणि पुन्हा चढू लागला!

चूक आलेखाची नव्हती, माझ्या वाचनाची होती.

ती खिडकी म्हणजे ‘एक्सलोड’ हा जुना, साधा प्रोग्राम. दर 10 सेकंदांनी तो ‘लोड ॲव्हरेज’ नावाचा आकडा वाचतो आणि आलेखात एक नवी उभी रेघ जोडतो. ही कल्पना एक्सलोडपेक्षाही जुनी. टेनेक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोड ॲव्हरेजचे आकडे 1973 सालच्या एका आरएफसी दस्तऐवजात सापडतात.

लोड म्हणजे ‘सीपीयू किती टक्के कामात आहे’ असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात तो टक्का नाही, माणसं मोजावीत तशी मोजणी आहे. रेल्वेच्या तिकीट खिडक्या डोळ्यांसमोर आणा. खिडकीपाशी तिकीट घेणारे आणि मागे रांगेत उभे असलेले, दोन्ही मिळून जितके, तितका लोड. त्यामुळे खिडक्या किती, हे माहीत असल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. 4 कोअरच्या लॅपटॉपवर लोड 8 म्हणजे गर्दी. 16 कोअरच्या मशीनवर तोच लोड म्हणजे निम्म्या खिडक्या रिकाम्या.

लिनक्सच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. 1993 मध्ये आलेल्या एका बदलापासून लिनक्स या मोजणीत डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रक्रियाही धरतं. म्हणजे तिकीट खिडकी मोकळी, पण चहाच्या टपरीवर खोळंबलेले प्रवासीसुद्धा रांगेत धरले जातात.

आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. ‘टॉप’ ही कमांड चालवून पाहिली, तर सीपीयू जवळजवळ पूर्ण रिकामा आणि प्रक्रियांच्या यादीत ‘डी’ या अक्षराची माळ. ‘डी’ म्हणजे अशा प्रतीक्षेत अडकलेली प्रक्रिया. नेटवर्कवरची सामाईक डिस्क गोठली होती. दर मिनिटाला सुरू होणारी एक छोटी स्क्रिप्ट तिथे अडकत होती आणि तिच्यामागे पुढची, मग त्यापुढची. माझं सिम्युलेशनही त्याच डिस्कवर लिहायला थांबलं होतं. खरोखर चालू होतं ते फक्त सहकाऱ्याचं काम, आणि तेच मी बंद करायला लावलं.

आलेख वाचताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, तो मागून चालतो. एक्सलोड एका मिनिटाची सरासरी दाखवतो, पण ती साधी सरासरी नसते. जुन्या नोंदींचं वजन हळूहळू कमी होत जातं. रिकाम्या मशीनवर एकच जड काम सुरू केलं, तर मिनिटभराने आकडा 1 नव्हे, 0.63 च्या आसपास असतो. उतरतानाही तोच संथपणा. दुसरी, आलेखाची पट्टी बदलते. लोड वाढला की एक्सलोड आडव्या रेषा वाढवतो आणि आलेख दाबून बसवतो. म्हणून उंची पाहू नका, रेषा मोजा.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. मॅकवरचा ॲक्टिव्हिटी मॉनिटर डॉकमधल्या आपल्या चित्रातच सीपीयूचा आलेख काढू शकतो. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर सिस्टिम मॉनिटर आहे. पण हे तिघेही सीपीयूचा वापर टक्क्यांत दाखवतात, म्हणजे खिडकीवरचा कारकून किती कामात आहे ते. एक्सलोड रांग दाखवतो. रांग लांब आणि कारकूनही घामाघूम, तर कोअर कमी पडताहेत. रांग लांब पण कारकून निवांत, तर आधी डिस्ककडे बघा.

सोमवारी सहकाऱ्याची माफी मागितली आणि त्याचं काम पुन्हा सुरू होईपर्यंत माझे 8 कोअर त्याला दिले. तेव्हापासून माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन आलेख शेजारी शेजारी असतात, आणि कुणालाही मेसेज पाठवण्याआधी मी दोन्ही बघतो.