फोटोग्राफी शिकायची आहे? मग आधी उजेड ओळखा!

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून हल्ली एक मागणी हमखास कानी येते. "पप्पा, मला फोटोग्राफी करायची आहे, कॅमेरा घेऊन द्या." मागणी वावगी मुळीच नाही. लग्न, साखरपुडा, वाढदिवस, जयंतीची मिरवणूक, निरोप समारंभ, सगळीकडे फोटोग्राफर लागतो. नोकरीची वाट पाहत चौकात बसण्यापेक्षा हातात कला असलेली केव्हाही चांगली. परंतु वडील मार्केट यार्डात हमाली करणारे आणि आई डाळ मिलमध्ये रोजंदारीवर जाणारी अशा घरात कॅमेऱ्याची किंमत ऐकली की सगळ्यांचे चेहरे उतरतात. मग आई बचत गटाचे कर्ज काढते, नाहीतर दुकानदार हप्ते बांधून देतो. आमचे सांगणे आहे की, थोडे थांबा. आधी हिशेब करा, मग उजेड ओळखायला शिका आणि त्यानंतर दुकानाची पायरी चढा.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकडे मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. समजा, साठ हजारांचा कॅमेरा महिना तीन हजार रुपये हप्त्याने चोवीस महिन्यांसाठी घेतला. चोवीस गुणिले तीन हजार, म्हणजे बहात्तर हजार. बारा हजार वरचे गेले. आता कमाईची बाजू पाहा. आपल्याकडे लग्नांचा जोर उन्हाळ्यात. पुढे आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, पाऊस लागतो, शेतीची कामे निघतात आणि लग्ने कमी होतात. ऑर्डर थांबते, हप्ता मात्र थांबत नाही. नवशिक्याला पहिल्या वर्षी ऑर्डर तरी किती मिळणार? कर्ज फेडण्यासाठी कॅमेराच विकावा लागला, तर हौसही गेली आणि पैसाही गेला.

चाळीसगावचा धडा

महागड्या साहित्यावाचून काय होते, असे विचारणाऱ्या तरुणांनी एकदा चाळीसगावला जाऊन यावे. तेथे रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात केकी मूस नावाचा एक मोठा छायाचित्रकार राहत होता. २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत पारशी कुटुंबात जन्म, विलायतेत कलेचे शिक्षण आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी चाळीसगावातच अखेर. या माणसाने आयुष्यातील अनेक दशके जवळजवळ घराबाहेर न पडता काढली. त्यांची ख्याती झाली ती 'टेबल टॉप' छायाचित्रांमुळे. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांवर उजेड असा पाडायचा की पाहणाऱ्याला खरोखरीचा देखावा वाटावा. त्यांचे ते घर आज 'कलादालन' म्हणून पाहायला मिळते.

मूस यांची परिस्थिती आणि आपली परिस्थिती एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी त्यांच्या कामातून एक गोष्ट प्रत्येक गरीब विद्यार्थ्याने उचलण्यासारखी आहे. चित्र उजेडाने तयार होते आणि उजेडाला पैसे पडत नाहीत. पत्र्याच्या घरालाही दार असते. सकाळी आठ वाजता दारातून येणारा उजेड आणि दुपारी बाराचे डोक्यावरचे ऊन यांत काय फरक आहे, हे ज्याला कळले, त्याचा निम्मा अभ्यास झाला.

पांढरी साडी आणि सावळा चेहरा

आता जी गोष्ट आपल्या घरांना सर्वांत जवळची आहे, ती सांगतो. कोणत्याही घरातला लग्नाचा अल्बम काढून पाहा. वधू-वर शुभ्र वस्त्रात, मागे पांढरा पडदा, आणि चेहरे? एकतर काळपट झालेले, नाहीतर संगणकावर घासूनपुसून पिठासारखे पांढरे केलेले. आजी म्हणते, "ही आपली सुनीता वाटतच नाही." दोष सुनीताच्या रंगाचा नाही. दोष फोटो काढणाऱ्याच्या अज्ञानाचा आहे.

कॅमेऱ्याच्या आत उजेड मोजणारे यंत्र असते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे ते यंत्र धरून चालते. समोर पांढरेच पांढरे आले की त्याला वाटते, उजेड फार झाला, आणि ते सगळे चित्र अंधुक करून टाकते. साडी करडी दिसते आणि चेहरा अधिकच काळवंडतो. यावर उपाय फुकटचा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचे एक बटण असते, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. पांढऱ्या कपड्यांचा फोटो घेताना ते अधिकच्या बाजूला, साधारण अर्ध्यापासून एकपर्यंत सरकवा. फोन असेल तर पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा आणि सूर्याची खूण दिसते ती किंचित वर ओढा. साडीच्या चुण्या दिसेनाशा होऊ लागल्या की थांबा. चेहरा उजळ आणि चुण्या शाबूत, हे माप.

ही अडचण फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मसाठी प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवायला एक नमुना फोटो वापरत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर गोरी बाई असे. साहजिकच सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर नीट उतरत नसत. पुढे चॉकलेट आणि लाकडी सामान बनविणाऱ्या कंपन्यांनी, आमच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत, अशी तक्रार केली. त्यानंतर फिल्म सुधारली. माणसांच्या तक्रारीपेक्षा मालाची तक्रार लवकर ऐकली गेली! २०२१ साली गुगल कंपनीने आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात सर्व वर्णांचे चेहरे खरे दिसावेत म्हणून मुद्दाम सुधारणा केल्या. म्हणजे यंत्रालाही शिकवावे लागते. मग आपल्या मुलांनी का शिकू नये? आमची कळकळीची विनंती आहे, फोनमधला 'ब्यूटी' नावाचा प्रकार आधी बंद करा. आपल्या आयाबहिणींचा रंग जसा आहे तसा, नीट उजेडात दाखवणे ही फोटोग्राफरची पहिली जबाबदारी आहे.

पहिले सहा महिने

पहिले सहा महिने घरात असलेला फोन पुरे. सरावाचा क्रम असा ठेवावा.

पूर्वी फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो बसत. प्रत्येक फोटोला पैसे पडत, म्हणून माणूस विचार करून बटण दाबी. तीच शिस्त लावून घ्या. आठवड्याला ३६ फोटो काढायचे, एकही पुसायचा नाही. रविवारी घरच्यांसोबत बसून त्यांतले तीन चांगले निवडायचे आणि ते का चांगले, हे वहीत लिहायचे.

पहिला महिना फक्त चेहऱ्यांचा. आईला दारात बसवा, आजोबांना निंबाच्या सावलीत बसवा. दुसरा महिना कामाचा. रावेर-सावद्याकडे केळीचे घड वाहणारे हात, कापूस वेचणाऱ्या बाया, भुसावळचे रेल्वे कामगार, वीटभट्टी. मात्र माणसाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो घेऊ नये, आणि घेतला तर त्याला तो नेऊन दाखवावा. तिसरा महिना कमी उजेडाचा. अजिंठा जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर आहे. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. त्या मंद उजेडात हात न हलवता, भिंतीला किंवा खांबाला न टेकता फोटो कसा घ्यावा, हे तेथे चांगले कळते. कोपरे छातीशी धरायची, श्वास रोखायचा आणि हलकेच बटण दाबायचे.

उरलेले महिने समारंभाचे. दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर लोक जमतात. १९३७ साली त्याच तारखेला बाबासाहेब तेथे थांबले होते. जुलैचे ढगाळ आभाळ म्हणजे मोठी पांढरी चादर. चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. गर्दीत फोटो घेण्याचा सराव करायला याहून चांगली जागा कोणती? फोटोबरोबर तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहून ठेवा. नावाशिवायचा फोटो पन्नास वर्षांनी नातवंडांच्या काही कामाचा राहत नाही.

कॅमेरा कोणता घ्यावा?

सहा महिने सराव टिकला तरच पुढचे बोला. आज कंपन्यांचा सगळा भर मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे हौशी लोक आपले जुने डीएसएलआर विकत आहेत. गरजूला ही संधी आहे. कॅनन किंवा निकॉनचा साधा जुना डीएसएलआर आणि त्यासोबत ५० एमएम, एफ १.८ ही लेन्स, एवढ्यावर सुरुवात होते. ही लेन्स लहान व तुलनेने स्वस्त असून उजेड भरपूर आत घेते, त्यामुळे मंडपातल्या कमी उजेडातही चेहरा स्वच्छ येतो. मोठ्या घोळक्याच्या फोटोसाठी कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स असू द्यावी. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. भिंतीवर लावायच्या फोटोला २४ मेगापिक्सेल पुरून उरतात.

जुना कॅमेरा घेताना पाच गोष्टी पाहाव्यात. मूळ बिल आणि त्यावरचा नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबराशी जुळतो का? शटर आजवर किती वेळा पडले? लेन्समध्ये बॅटरीचा झोत टाकून बुरशीचे जाळे दिसते का? एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला तर काळे ठिपके येतात का? आणि बॅटरी फुगलेली तर नाही? यांतील एकाही बाबतीत शंका आली, तर हात जोडून परत यावे.

घेतल्यावर जपणूक करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. कॅमेरा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. समारंभाला दोन बॅटऱ्या आणि दोन कार्डे न्यावीत. घरी आल्यावर फोटो दोन ठिकाणी साठविल्याशिवाय कार्ड पुसू नये. कोणाच्या लग्नाचा दिवस पुन्हा येत नाही.

पैसा आणि उमेदवारी

स्वतःची ऑर्डर घेण्यापूर्वी एक हंगाम जाणत्या फोटोग्राफरच्या हाताखाली काढावा. लाईट धरायला मिळाला तरी चालेल. मंगल परिणयात त्रिशरण-पंचशील कधी, पुष्पहार कधी, पुष्पवृष्टी कधी, हा क्रम पाठ हवा, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही. एक हंगाम टिकलात आणि कर्ज काढावेच लागले, तर खासगी सावकाराकडे जाऊ नका. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या अनुदान व बीजभांडवल योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहेत. अटी बदलत असतात, म्हणून जिल्हा कार्यालयात जातीचा व उत्पन्नाचा दाखला घेऊन स्वतः चौकशी करावी.

मुलींनीही मागे राहू नये. होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या काळातील मोठमोठे प्रसंग त्यांनी टिपले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. लग्नघरात बायकांच्या खोलीत मुलगी फोटोग्राफर असली तर घरच्या बायका मोकळेपणाने वावरतात. काम तिच्याकडे आपोआप येते. दुसरे नाव सुधारक ओलवे यांचे. मूळचे अकोल्याकडचे. मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे त्यांनी वर्षानुवर्षे छायाचित्रांतून जगापुढे मांडले. २०१६ साली ते पद्मश्री झाले. ज्यांच्याकडे कोणी कॅमेरा वळवीत नव्हते, त्यांच्याकडे त्यांनी तो वळविला.

तेव्हा आई-वडिलांना आमची विनंती आहे, मुलाला किंवा मुलीला एकदम नाही म्हणू नका आणि एकदम साठ हजारही काढू नका. सहा महिन्यांची मुदत द्या. रविवारी तिची ती वही मागून बघा. आणि मुलांनो, वही भरली असेल, आजीचा एक फोटो असा काढला असेल की ती स्वतःच म्हणाली, "ही मीच!", तर कॅमेऱ्याची गोष्ट खुशाल घरात काढा.