सकाळची लाल खूण

गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या एमआरआयमध्ये हृदयात लोह साचलेलं दिसलं आणि डॉक्टरांनी वीस वर्षांपूर्वीचं इंजेक्शन पुन्हा लिहून दिलं, डेसफेरिऑक्सामिन. पिंपरी-चिंचवडमधली सहा दुकानं पालथी घातली. ‘‘ताई, हे आता कुणी मागत नाही,’’ एवढंच ऐकायला मिळालं.

१९६०च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये हा रेणू वेगळा काढला गेला. मातीतला स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस हा जिवाणू लोह पकडायला तो बनवतो. लोहासकट टोचून रक्तक्षय बरा करायचा विचार होता, पण तो लोहासकटच लघवीतून बाहेर पडला. मग लोह काढलेला मोकळा रेणू औषध झाला. पुढची पस्तीस वर्षं ओलांडून मी थेट १९९६वर येते.

भाऊ आठ वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर. चढवलेल्या रक्ताच्या एका पिशवीतून दोनशेच्या वर मिलिग्रॅम लोह अंगात जायचं आणि शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. लोह काढणारी डेफेरिप्रोनची गोळी त्याला सोसली नाही, पांढऱ्या पेशी घसरल्या. रात्री नऊला आई कुपी घेऊन बसायची. ५०० मिलिग्रॅम पावडर, ५ मिलिलिटर पाणी. कुपी जोरात हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची. पोटाच्या कातडीखाली बारीक सुई, उशाशी रात्रभर घुरघुरणारा पंप. असं दहा वर्षं. सकाळी लघवी कोकम सरबतासारखी लालसर झाली की आईचा चेहरा सैल व्हायचा, लोह निघालं! ‘‘पोराला रोज काय टोचता?’’ म्हणणारे नातेवाईक एकाही रात्री थांबले नाहीत, हे मी विसरलेले नाही.

२००५ मध्ये अमेरिकेत लोह काढणारी डेफेरासिरॉक्सची गोळी मंजूर झाली, नंतर ती इथेही आली. पंप माळ्यावर गेला. त्याआधीच, २००४ मध्ये, इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात स्ट्रेप्टोमायसिसमधली हा रेणू घडवणारी जनुकं सापडली होती. जिवाणूकडून तो जास्त, हवा तसा बदलून करवून घ्यायची वाट त्यातूनच जाते. झिर्कोनियम बांधून हाच रेणू आता पेट स्कॅनमध्ये कर्करोगाच्या गाठी दाखवतो.

आणि आपण? १९६१ मध्ये पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हमायसिन हे बुरशीवरचं औषध सापडलं, ते बनवणाऱ्या जिवाणूला स्ट्रेप्टोमायसिस पिंपरीना नाव मिळालं. त्याच कुळातल्या जिवाणूचं औषध त्याच गावात मिळू नये, याची मला चीड येते.

कुप्या अखेर मुंबईहून आल्या. परवा सकाळी भावाचा फोन आला. ‘‘ताई, लाल झाली.’’