पोस्टग्रेएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये काय कुठे सापडते

पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेसचे अधिकृत मॅन्युअल दोन हजारांहून अधिक पानांचे आहे. नवखा माणूस सुरुवातीच्या ‘ट्युटोरियल’मध्ये शिरतो. टेबल कसे करायचे, त्यातून माहिती कशी काढायची, हे तिथे उत्तम समजते. मात्र सर्व्हर मंदावला किंवा डिस्क भरत चालली, तर त्याचे उत्तर तिसऱ्या भागात, म्हणजे ‘सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये शोधावे लागते.

त्याआधी आवृत्ती पाहावी. दरवर्षी साधारण एक मोठी आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. इंटरनेटवर शोधताना जुन्या आवृत्तीचे पान सहज समोर येते. पानाच्या माथ्यावर इतर आवृत्त्यांचे दुवे असतात; आपल्या सर्व्हरच्या आवृत्तीचा दुवा निवडूनच वाचावे.

‘सर्व्हर कॉन्फिगरेशन’ या प्रकरणात सेटिंगची मांडणी मेमरी, कनेक्शन, लॉग अशा विषयांनुसार आहे. ‘शेअर्ड_बफर्स’ची नोंद वाचली, तर मूळ मूल्य सहसा १२८ एमबी असते, फक्त डेटाबेससाठी राखलेल्या आणि किमान १ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर सुरुवात म्हणून एकूण मेमरीच्या २५ टक्के ठेवणे योग्य, आणि बदल लागू व्हायला सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, हे सारे एका जागी मिळते. यातले शेवटचे वाक्य नवखे हमखास गाळतात.

कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये बदल केला, तरी सर्व्हर जुनेच मूल्य दाखवतो, तेव्हा ‘पीजी_सेटिंग्ज’ हा व्ह्यू पाहावा. चालू मूल्य कोणत्या फाइलमधून आले आणि रीस्टार्ट बाकी आहे का, हे तो सांगतो. बरेचदा कारण ‘ऑल्टर सिस्टिम’ असते. ही आज्ञा वेगळ्या, ‘ऑटो’ नावाच्या फाइलमध्ये लिहिते आणि ती फाइल मुख्य फाइलवर मात करते.

देखभालीचे प्रकरण मात्र अडचण येण्याआधीच वाचायला हवे, कारण त्यातल्या धोक्यांची नावेच ठाऊक नसतील तर शोधणार काय? नोंद बदलली की तिची जुनी प्रत टेबलमध्येच पडून राहते. ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करण्याचे काम ‘व्हॅक्यूम’ करतो. ‘ऑटोव्हॅक्यूम’ हे आपोआप करतो, पण मूळ सेटिंगप्रमाणे २० टक्के नोंदी आणि वर ५० एवढ्या मृत प्रती साचल्यावरच. एक कोटी नोंदींच्या टेबलात म्हणजे सुमारे वीस लाख प्रती! दुसरा धोका व्यवहार क्रमांकांचा: ते ३२ बिटांचे, म्हणजे मर्यादित असल्याने प्रत्येक टेबलाचा व्हॅक्यूम दोन अब्ज व्यवहारांत एकदा तरी व्हावाच लागतो. तो फार लांबला, तर डेटा वाचवण्यासाठी सर्व्हर नवे बदल स्वीकारणेच थांबवतो.

इंडेक्स पुन्हा बांधणे आणि लॉग फाइली आवरणे याच प्रकरणात येते. बॅकअपचे स्वतंत्र प्रकरण लगेच पुढे आहे.