विमानाच्या हँडबॅगेत काय भरायचं? पॉवर बँक सोबत, नारळ खाली आणि सुकं खोबरं घरीच, असं का?

मे महिन्याची सुट्टी. घरात दोन दिवस भराभरी चाललेली. आजीने कोकमाचं आगळ बाटलीत भरून दिलंय, नातेवाइकांसाठी खोबऱ्याच्या वाट्या आहेत, मिरचीचं लोणचं आहे, देवासाठी कापूर आहे. सगळं मोठ्या मायेने हातातल्या बॅगेत ठेवलं जातं, कारण "मोठी बॅग आपटतात, फुटेल हो!"

आणि मग विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या मशीनमधून ती बॅग बाहेर येते आणि बाजूच्या टेबलावर जाते. मागे रांग, कडेवर रडणारं बाळ आणि समोर एकेक वस्तू बाहेर निघतेय. मोठी बॅग तोपर्यंत काउंटरवर देऊन झालेली असते, त्यामुळे "हे त्यात टाकतो" म्हणायचीही सोय नसते. वस्तू तिथेच सोडायच्या आणि पुढे निघायचं.

हे टाळणं अवघड नाही. यादी पाठ करायचीही गरज नाही. नियमांमागची कारणं कळली की कुठली वस्तू कुठे जाणार, हे आपलं आपल्यालाच सांगता येतं.

रत्नागिरीकरांसाठी हा विषय जरा वेगळा का?

कारण आपला विमानप्रवास विमानतळावर सुरूच होत नाही. रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे आणि प्रवासी विमानसेवेची आपण कितीतरी वर्षं वाट बघतोय. तोवर मुंबई गाठा, नाहीतर गोव्यातलं मोपा, सिंधुदुर्गातलं चिपी किंवा आंबा घाट चढून कोल्हापूर. मुंबई म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. म्हणजे दोन तासांच्या फ्लाइटसाठी आधी सहा-आठ तासांची ट्रेन किंवा गाडी.

आपली पॅकिंगची सवयही कोकण रेल्वेची आहे. ट्रेनमध्ये सीटखाली काय ठेवलंय, कोणी विचारत नाही. डबे, पिशव्या, नारळ, आंब्याची पेटी, सगळं चालतं. विमानात तसं नाही.

म्हणून पहिली युक्ती: ट्रेनची पिशवी आणि विमानाची बॅग वेगळी ठेवा. रस्त्यात लागणारं खाणं, पाणी, जुनी चादर असं सगळं एका कापडी पिशवीत. विमानतळावर पोचेपर्यंत ती रिकामी होऊन घडी घालून ठेवता आली पाहिजे. हँडबॅग मात्र वाटेत शक्यतो उघडायचीच नाही.

किती वजन चालतं?

भारतात इकॉनॉमी क्लासच्या प्रवाशाला साधारणपणे एक हँडबॅग आणि ७ किलोपर्यंत वजन नेता येतं. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ११५ सेंटीमीटरच्या आत हवी. सोबत छोटी पर्स किंवा लॅपटॉप बॅग चालते का, हे कंपनीप्रमाणे बदलतं. त्यामुळे तिकिटावरचा नियम एकदा नीट वाचा.

वजन घरीच करायचं असेल तर सोपं आहे. वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन. दोन्हीतला फरक म्हणजे बॅगेचं वजन. रिकामी ट्रॉली बॅगच दोन-तीन किलोची असते, हे बरेच जण विसरतात. मुलांसाठी साधी सॅक बरी पडते.

कुठली वस्तू कुठे? तीन प्रश्न विचारा

प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. यात बॅटरी आहे का? असेल तर हँडबॅगेत.
२. हे सांडेल, टोचेल किंवा डोळ्यांत गेलं तर झोंबेल का? तर मोठ्या बॅगेत.
३. हे पेट घेईल का? तर बहुतेक वेळा कुठेच नाही, घरीच.

आता एकेक बघू.

पॉवर बँक वरच का हवी?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. धोकादायक वस्तू असेल तर ती प्रवाशांपासून लांब, खाली सामानाच्या कप्प्यात नको का ठेवायला?

नेमकं उलटं आहे. लिथियम बॅटरी बिघडली की ती आतूनच तापत जाते आणि पेट घेते. वर केबिनमध्ये असं झालं तर धूर लगेच दिसतो आणि ती आग कशी आटोक्यात आणायची याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना दिलेलं असतं. खाली सामानात आग लागली तर तिथे उड्डाणात कोणी पोचू शकत नाही.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला उड्डाणाआधीच आग लागली. आग सीटवरच्या सामानाच्या कप्प्यात सुरू झाली होती आणि तपासात संशय गेला तो एका पॉवर बँकेवर. विमान जमिनीवर होतं म्हणून आतले सगळे १७६ जण बाहेर पडू शकले. त्यानंतर अनेक देशांत आणि विमान कंपन्यांत पॉवर बँकेचे नियम कडक झाले. भारतात डीजीसीएनेही पॉवर बँक वरच्या कप्प्यात न ठेवता जवळ ठेवण्याच्या आणि विमानात तिच्यावर फोन चार्ज न करण्याच्या सूचना दिल्या.

म्हणजे पॉवर बँक हँडबॅगेत, तीही हाताशी येईल अशी. १०० वॅट-अवरपर्यंतची चालते. १०० ते १६० मधली असेल तर कंपनीची परवानगी लागते आणि त्यावरची नेताच येत नाही. आपल्याकडची नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते, त्यामुळे ती बसते. पण तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील किंवा ती फुगली असेल तर नेऊच नका.

फोन निघायच्या आधी पूर्ण चार्ज करा. मुंबईला जाताना ट्रेनमध्ये मुलांना व्हिडिओ दाखवून बॅटरी संपली आणि बोर्डिंग पास त्याच फोनमध्ये, असं व्हायला नको.

खोबरं, कापूर, लोणचं: आपल्या घरची अडलेली मंडळी

कोकणातल्या घराला सगळ्यात जास्त खटकणारा नियम खोबऱ्याचा. सुकं खोबरं हँडबॅगेतही चालत नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. कारण त्यातलं तेल. सुकं खोबरं उष्णतेत आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे.

अख्खा नारळही हँडबॅगेत चालत नाही, तो मोठ्या बॅगेत टाकावा लागतो. या नियमाला ठरावीक काळापुरती सवलत मिळाली ती शबरीमलाच्या भाविकांना. इरुमुडीतला नारळ सोबत ठेवता यावा म्हणून केंद्र सरकारने २० जानेवारी २०२५ पर्यंत तपासणी करून तो केबिनमध्ये नेऊ दिला. एका नारळासाठी सरकारला वेगळी परवानगी काढावी लागते, यावरूनच नियम किती पक्का आहे ते कळतं. मग तुमचं "नारळच तर आहे हो" टेबलावर चालणार नाही.

बाकीच्यांचं काय?

- कापूर, काडेपेटी, लायटर: कुठेच नाही. तीर्थयात्रेला निघाला असाल तर तिथे पोचल्यावर घ्या.
- मिरचीचं लोणचं, लाल तिखट, मसाला: मोठ्या बॅगेत. तिखट डोळ्यांत उडवता येतं, म्हणून ते केबिनमध्ये नको.
- कोकमाचं आगळ, सरबत, तूप, तेल: मोठ्या बॅगेत. बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक लावून झाकण घट्ट करा, बाटली दोन पिशव्यांत घाला आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा.
- सुकट, सोडे, सुके बोंबील: वासामुळे कंपनी नाकारू शकते. आधी विचारा आणि हवाबंद पॅकिंग करून मोठ्या बॅगेतच टाका.
- अडकित्ता, कात्री, सुरी: मोठ्या बॅगेत. आजोबांची पानाची चंची एकदा उघडून बघा, अडकित्ता तिथेच सापडेल.
- मुलांचं खेळण्यातलं पिस्तूल: हँडबॅगेत नको. मशीनच्या पडद्यावर ते खेळणं म्हणून दिसत नाही.

आणि हापूस? देशातल्या प्रवासात आंबे नेता येतात. अडचण वजनाची आहे. एक डझन म्हणजे तीन किलोच्या आसपास. पूर्ण पेटीचा हट्ट सोडा. परदेशात जात असाल तर ताजी फळं नेऊच नका. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत ती उतरल्यावर काढून घेतात आणि जाहीर केली नाहीत तर दंडही होतो.

हँडबॅगेतून बिनघोर नेता येतं ते कोरडं खाणं: लाडू, आंबापोळी, फणसपोळी, काजू, थालीपीठ, चपातीचा रोल. विमानात खाणं महाग असतं आणि मुलांना ते आवडेलच असं नाही. सुटं न ठेवता छोट्या डब्यांत द्या.

१०० मिलीचा नियम कुणासाठी?

आंतरराष्ट्रीय प्रवासात हँडबॅगेतली प्रत्येक द्रव वस्तू १०० मिलीपर्यंतच्या बाटलीत हवी आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. अर्धी भरलेली २०० मिलीची बाटली चालत नाही, कारण मोजतात ती बाटली. टूथपेस्ट, क्रीम, जेलही यातच धरतात. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघड झाला, तिथून हा नियम आला.

बाळाचं दूध, बाळाचं खाणं आणि गरजेची औषधं यांना प्रवासापुरती सूट मिळते. मात्र ते लपवून ठेवू नका. बॅग ट्रेमध्ये ठेवतानाच "यात बाळाचं दूध आहे", "हे आजीचं औषध आहे" असं सांगा.

मोठी बॅग आलीच नाही तर?

हँडबॅग भरताना खरा विचार हा करायचा. समजा तुम्ही पाच जण आहात: आई, बाबा, आजी, सातवीतली मुलगी आणि दीड वर्षांचा मुलगा. श्रीनगरला उतरलात, पट्टा फिरून थांबला आणि तुमची मोठी बॅग आलीच नाही. ती उद्या येणार. या एका रात्रीत कशावाचून अडेल? जे अडेल, ते हँडबॅगेत हवं.

औषधं सगळ्यात आधी. आजीच्या रक्तदाबाच्या, शुगरच्या गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. गोळ्या डबीत सुट्या करून नेल्या तर हरवल्यावर नव्या शहरातल्या केमिस्टला नावही सांगता येत नाही. इन्सुलिन कधीच मोठ्या बॅगेत नको. बॅग हरवण्याचा धोका आहेच, पण खालच्या कप्प्यात ते गोठूही शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

बाळासाठी रात्र धरून पुरतील एवढे डायपर, दोन जोड कपडे, दूध, ओले वाइप्स आणि एक रिकामी प्लास्टिकची पिशवी. ती कशासाठी, हे आंबा घाटातून बाळाला घेऊन गेलेल्यांना सांगायला नको. आईबाबांचाही एकेक जादा टीशर्ट ठेवा, बाळ आपल्याच अंगावर उलटी करतं. केबिनमध्ये गार होतं, म्हणून एक शाल किंवा स्वेटर.

विमान वर चढताना आणि उतरताना कानात दडा बसतो. बाळाला त्या वेळी दूध पाजा, मोठ्या मुलांना गोळी चघळायला द्या. गिळताना कान मोकळे होतात. म्हणून बाटली आणि गोळ्या वरच्या कप्प्यात न ठेवता सीटच्या खिशात ठेवा.

दागिने, रोकड, कागदपत्रं, घराच्या चाव्या हातातच. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं तर कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे कमाल २०,००० रुपयांपर्यंतच असते आणि बॅगेत ठेवलेल्या मौल्यवान वस्तूंची भरपाई कंपन्या सहसा देत नाहीत. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार करा आणि तिची प्रत घ्या.

ओळखपत्रं मूळ हवीत. दोन वर्षांखालच्या बाळाच्या वयाचा पुरावा, म्हणजे जन्मदाखला, विसरू नका. फ्लाइट मुंबईहून आणि दाखला रत्नागिरीच्या कपाटात, असं झालं तर परत फिरून आणायला वेळच नसतो.

हँडबॅगही हातातून गेली तर?

असंही होतं. विमान भरलेलं असलं किंवा लहान असलं, तर दारापाशी हँडबॅग घेऊन खाली ठेवतात. चिपीहून उड्डाणं करणारी फ्लाय९१ एटीआर ७२ जातीची विमानं वापरते. अशा विमानांत वरचे कप्पे छोटे असतात.

म्हणून हँडबॅगेत एक छोटी पिशवी तयार ठेवा: औषधं, पॉवर बँक, कागदपत्रं, दागिने, बाळाची बाटली. बॅग मागितली की ही पिशवी काढून घ्यायची आणि मग बॅग द्यायची. पॉवर बँक तर काढावीच लागते, कारण ती खाली जाऊ शकत नाही.

आणखी एक. प्रत्येकाचे कपडे प्रत्येकाच्या बॅगेत, अशी वाटणी करू नका. आईच्या बॅगेत मुलीचा एक जोड, बाबांच्या बॅगेत आजीची एक साडी, असं मिसळून ठेवा. एक बॅग हरवली तरी कुणीच पूर्ण अडकत नाही. औषधांचेही दोन भाग करा.

निघायच्या आदल्या रात्री

सगळ्या हँडबॅगा जमिनीवर उघडा आणि आजीला शेजारी बसवा. तिने मायेने भरलेलं विमानतळावर अनोळखी माणसाने बाहेर काढण्यापेक्षा घरी आपण काढलेलं बरं. आगळ मोठ्या बॅगेत जाईल. खोबऱ्याच्या वाट्या मात्र राहतील. त्यांच्या ऐवजी ओल्या नारळाच्या वड्या करून घ्या. त्या हँडबॅगेतून जातात आणि नातेवाइकांनाही जास्त आवडतील.