एमसीबी वाचवतो ती भिंतीतली वायर
होळी सरली की बुंदेलखंड तापतो. कूलर, पंप एकदम सुरू होतात आणि वायरिंगवर ताण येतो. अशा वेळी उडालेल्या फ्यूजला जाड तार गुंडाळणं मला सर्वांत घातक वाटतं. मग फ्यूजऐवजी वायरच जळते!

फ्यूजच्या जागी बसणाऱ्या एमसीबीत (मिनिएचर सर्किट ब्रेकर), म्हणजे आपोआप पडणाऱ्या खटक्यात, दोन यंत्रणा असतात. जादा भार टिकून राहिला तर द्विधातूची पट्टी तापून वाकते. शॉर्टसर्किट झालं तर विद्युतचुंबक क्षणार्धात खटका पाडतो. ‘सी’ प्रकारच्या एमसीबीत हा चुंबक नेमलेल्या प्रवाहाच्या ५ ते १० पटीला चालतो, म्हणून मोटर सुरू होतानाचा क्षणिक जादा प्रवाह तो सोसतो.

सारखा ट्रिप होतोय? मोठा एमसीबी बसवू नका. आधी भार आणि वायरची जाडी तपासून घ्या. शॉकपासून संरक्षणासाठी मात्र गळतीचा प्रवाह ओळखणारा आरसीसीबी वेगळा लागतो.