बिर्गित्ता, ब्रिजिदा की ब्रिजेट?

चौदाव्या शतकातल्या एकाच स्वीडिश संत स्त्रीचं नाव लॅटिन ग्रंथांत कधी बिर्गित्ता तर कधी ब्रिगिदा असतं, इटलीत ते ब्रिजिदा होतं आणि इंग्रजीत ब्रिजेट. त्यातून सगळ्यात नडणारा गैरसमज असा होतो की, आयर्लंडमधल्या किल्डेअरची संत ब्रिजिड ती हीच. वस्तुस्थिती वेगळी आहे. ब्रिजिडचा काळ पाचव्या-सहाव्या शतकातला आणि तिचा सण १ फेब्रुवारीला. स्वीडनच्या बिर्गित्ता १३०३ च्या सुमारास जन्मल्या, २३ जुलै १३७३ रोजी रोममध्ये वारल्या आणि ७ ऑक्टोबर १३९१ रोजी पोप नववे बोनिफेस यांनी त्यांना संतपद दिलं. दोघींमध्ये सुमारे आठ शतकांचं अंतर आहे. तरीही घोटाळा निष्कारण होत नाही, कारण नावाचं नातं खरं आहे. आयरिश संत स्त्रीची कीर्ती उत्तरेकडे गेली, तिच्याबरोबर नावही गेलं आणि तिथल्या तोंडी 'ब्रि'चं 'बिर्' झालं. वाराणसीचं बनारस होताना 'र' आणि 'ण' यांनी जागा बदलल्या, तसाच हा वर्णविपर्यास.

यावर एक आक्षेप येतो. बिर्गित्ता यांचे वडील बिर्गर पेर्सॉन, उप्लांड प्रांताचे कायदेप्रमुख. मग बिर्गरची मुलगी म्हणून बिर्गित्ता, असं सरळ का मानू नये? ऐकायला हे पटतं, पण बिर्गर हे जुनं नॉर्डिक नाव मदत आणि रक्षण या अर्थाच्या धातूशी जोडलेलं आहे, तर बिर्गित्ताचं मूळ आयरिश आहे. 'बिर्' हा उच्चार रुळायला बिर्गरसारख्या नावांचा हातभार लागला असेल, पण ते मूळ नव्हे. आणि 'पेर्सॉन' हे आडनावही नव्हे. त्याचा अर्थ 'पेरचा मुलगा' एवढाच. म्हणून मुलगी पेर्सॉन होत नाही, ती बिर्गर्सडॉटर, म्हणजे बिर्गरची मुलगी. पती उल्फ गुडमार्सॉन यांचं नावही त्यांनी लावलं नाही, कारण लग्नानंतर नाव बदलायची तिथे तेव्हा चालच नव्हती.

'मध्ययुगात कोणी कसंही लिहायचं, मग एका रूपावर एवढा खल कशाला?' असंही विचारलं जातं. लेखन सैल होतं हे खरं. लेखक 'इ'च्या जागी 'वाय' घालत, 'ग'पुढे 'ह' जोडत. पण हे फरक लेखणीचे आहेत. 'बिर्' आणि 'ब्रि' यांतला फरक मात्र बऱ्याचदा लिहिणाऱ्याच्या सवयीचा पत्ता देतो: ज्याला आयरिश संत स्त्रीचं लॅटिन नाव पाठ होतं, त्याची लेखणी सहज 'ब्रिगिदा'कडे वळे. म्हणून कागद समोर आला की भाषा कोणती, मूळ पत्र आहे की नंतरची नक्कल, आणि लिहिणारा कुठला, हे आधी पाहायला हवं. नक्कल करणारा नाव आपल्या वळणाने लिहून टाकतो आणि शंभर वर्षांनी तेच मूळ वाटू लागतं. बिर्गित्ता यांची 'दर्शनं', म्हणजे त्यांना झालेल्या साक्षात्कारांच्या नोंदी, आपल्याकडे मुख्यतः लॅटिनमध्ये आली आहेत, आणि ते लॅटिन त्यांच्या धर्मगुरूंनी घडवलेलं. १४९२ मध्ये ल्यूबेक इथे ती प्रथम छापली गेली. त्यांच्या स्वतःच्या हातचे मानले जाणारे दोन त्रोटक लेख स्टॉकहोमच्या राजग्रंथालयात आहेत, आणि ते जुन्या स्वीडिशमध्ये. त्यांच्या रोजच्या भाषेचा पुरावा म्हणून ही चार-दोन पानं लॅटिनच्या जाड ग्रंथापेक्षा मोलाची आहेत.

'वाडस्टेनाची बिर्गित्ता' हे रूपही जपून वापरावं. त्या स्वीडनमधल्या वाडस्टेनाच्या मठातल्या जोगीण होत्या, असं त्यावरून वाटतं. प्रत्यक्षात त्या आठ मुलांची आई आणि १३४४ पासून विधवा होत्या. १३४९ मध्ये त्या रोमला गेल्या, पुढे मायदेशी राहायला परतल्याच नाहीत. १३७४ मध्ये त्यांचे अवशेष वाडस्टेनाला आले, आणि मठाची रीतसर प्रतिष्ठापना झाली ती १३८४ मध्ये. लोकांच्या तोंडी मात्र नाव वाढतच गेलं: स्वीडनमध्ये ब्रिता, फिनलंडमध्ये पिर्को, टॅलिनमधला पिरिता हा भागही तिथल्या बिर्गित्ता-मठावरून ओळखला जातो. ही रूपं चुकीची नाहीत, फक्त ती नंतरची आहेत. मराठीत लिहिताना 'स्वीडनच्या संत बिर्गित्ता' लिहावं, आणि 'ब्रिजेट' फक्त इंग्रजी ग्रंथाचा दाखला देताना.